न उतरणारा शीण



बीडहून सोलापूरकडे जाऊं लागलें कीं बालाघाटाच्या डोंगराळ भागांत मांजरसुंबा हें गांव लागतें. धुळें-सोलापूर हमरस्त्यास येथें पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मिळतो. जवळच मन्मथस्वामींच्या समाधीचें कपिलधार. दसरा उलटला म्हणजे या फाट्यावरून ऊसतोडणी कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. माणसें, भांडीं, शेळ्या, अंगावरचीं मुलें, सारा संसार एका ट्रॉलींत.

२०२१ च्या पावसाळ्यांत याच भागांतील एक बाई मजकडे आली. वय तीस-बत्तीस. उन्हाळ्यांत तिला करोना होऊन गेला होता. ताप आठ दिवसांत उतरला, श्वास मोकळा झाला, परंतु अंगांतलें बळ कांहीं परत येईना. एक हंडा पाणी आणलें तर तो दिवस निभावे, दुसऱ्या दिवशीं मात्र अंथरुणांतून उठवत नसे. झोप होई, पण झोपेनें शीण जात नसे. शिवाय पोट सदा फुगलेलें. मीं रक्त तपासविलें, छातीचें चित्र काढविलें; सारें ठीक निघालें. तेव्हां मीं तिला म्हटलें, “बाई, तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं. हळूहळू काम वाढवा, अंग मोकळें होईल.” “बरं साहेब,” म्हणून ती गेली. मुकादमाकडून उचल अगोदरच घेतलेली होती; त्यामुळें हंगाम सुरू होतांच ती तोडीस गेली, आणि महिन्याभरांत तिला गाडींत निजवून परत आणावें लागलें.

नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हें शहरांतील पुष्कळांस ठाऊक नसेल. एक कापतो, दुसरा मोळी बांधून डोक्यावरून गाडींत चढवितो. एकानें अंथरूण धरलें म्हणजे दुसऱ्याचाही दिवस बुडतो, खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कर्जाच्या आंकड्यांत जाऊन बसतात. असल्या घरीं “मला थकवा वाटतो” असें म्हणावयाची सोय नसते.

माझा सल्ला चुकला होता. १९५५ सालीं लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत एका अनाकलनीय आजाराची सांथ आली. पुष्कळसे रोगी त्याच रुग्णालयांतील परिचारिका व डॉक्टर होते. कित्येकांचा थकवा पुढें दीर्घकाळ टिकला. १९७० मध्यें दोघां मानसरोगतज्ज्ञांनीं ती सांथ म्हणजे सामुदायिक उन्माद होय असा निर्वाळा दिला, आणि पुढें कित्येक वर्षें अशा रोग्यांकडे संशयानें पाहण्यांत आलें. पायरीपायरीनें व्यायाम वाढविणें हा त्यांवर मान्य उपाय ठरला होता. मीं ज्या वर्षीं त्या बाईस काम वाढविण्यास सांगितलें, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनें तो उपाय आपल्या मार्गदर्शनांतून काढून टाकला. कारण श्रमानंतर एक-दोन दिवसांनीं प्रकृति ढासळणें हेंच या रोगाचें मुख्य लक्षण आहे. त्याच महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें करोनोत्तर दीर्घ आजाराची व्याख्या प्रसिद्ध केली: रोग झाल्यापासून सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत दिसणारीं, किमान दोन महिने टिकणारीं, आणि दुसऱ्या कोणत्याही निदानानें उलगडा न होणारीं लक्षणें.

आतां त्या फुगलेल्या पोटाकडे वळूं. त्याकडे मीं तर लक्षच दिलें नव्हतें.

आपल्या मोठ्या आंतड्यांत अब्जावधि सूक्ष्म जंतु नांदतात. धान्याचा कोंडा, डाळीचें टरफल, भाजीचा चोथा, जें जें आपल्या जठराग्नीस पचत नाहीं तें हे जंतु आंबवितात, व त्यांतून ब्युटिरिक आम्ल निर्माण होतें. खवट लोण्यास जो वास येतो तो याच आम्लाचा. नाकास अप्रिय, परंतु आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें हें मुख्य अन्न. तें कमी पडलें म्हणजे अस्तर दुबळें होतें, नको तीं द्रव्यें रक्तांत पाझरतात, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रु गेल्यावरही शस्त्र खालीं ठेवीत नाहीं.

हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठांतील संशोधकांनीं १०६ करोनाग्रस्तांची पाहणी २०२२ मध्यें प्रसिद्ध केली. सहा महिन्यांनंतरही ज्यांस त्रास होता त्यांच्या आंतड्यांत ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे जंतु, त्यांतही फीकॅलिबॅक्टेरियम नांवाचे, घटलेले आढळले. २०२३ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील मंडळींस जुन्या थकव्याच्या १०६ रोग्यांत हीच उणीव दिसली. एक रोग करोनाचा, दुसरा त्याहून कितीतरी जुना, आणि उणीव मात्र एकाच जंतूची! त्याच वर्षीं पेनसिल्व्हानियांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, कांहीं रोग्यांच्या आंतड्यांत विषाणूचे अवशेष दीर्घकाळ राहतात. त्यांच्या क्षोभामुळें अन्नांतील ट्रिप्टोफॅन नीट शोषलें जात नाहीं, आणि त्यापासून होणारें सेरोटोनिन रक्तांत घटतें.

तथापि येथें सावध असलें पाहिजे. अंथरुणास खिळलेला मनुष्य जेवतो कमी, हिंडतो कमी. त्यामुळेंही जंतु बदलतात. कारण कोणतें आणि परिणाम कोणता, हा वाद मिटलेला नाहीं. हाँगकाँगलाच ४६३ रोग्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांस सहा महिने विशिष्ट जंतूंची व त्यांच्या खाद्याची पूड दिली, निम्म्यांस तशीच दिसणारी निराळी पूड. पहिल्या गटांत थकवा व विस्मरण अधिक जणांचें कमी झालें. हें आशादायक खरें. पण त्या आधारावर बाजारांतील कोणतीही बाटली विकत घेणें म्हणजे एका गांवचें औषध ऐकून दुसऱ्या गांवचा काढा पिण्यासारखें आहे. ही भूल जुनीच. मेचनिकॉफनें विसाव्या शतकाच्या आरंभीं दह्यांतील जंतूंस दीर्घायुष्याचे दाते ठरविलें, आणि युरोपांत दह्याचीं दुकानें निघालीं. मुंबईंत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन याच मेचनिकॉफचे शिष्य. त्यांनीं मात्र आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील संशोधकांनीं २०१६ मध्यें दाखविलें कीं, भारतीयांच्या आंतड्यांत प्रिव्होटेला जातीचे जंतु विशेष असतात. ही जात धान्यकडधान्याच्या आहाराची सोबतीण मानली जाते. बीडकडची ज्वारी-बाजरीची भाकरी त्यांना पोसणारी. मग त्या बाईचे जंतु कां बिघडावे? निश्चित सांगतां येणार नाहीं. पण तापांत तिला एकामागून एक तीन जंतुनाशकें दिलीं गेल्याचें तिच्या चिठ्ठ्यांवरून दिसलें. त्या दिवसांत अॅझिथ्रोमायसिन घरोघर खाल्लें गेलें. विषाणूवर त्याचा उपयोग नाहीं हें ब्रिटनमधील मोठ्या चांचण्यांनीं २०२१ च्या आरंभींच दाखविलें होतें. आंतड्यांतील निरपराध वस्तीवर मात्र तें चालतेंच.

आपल्या घरीं धुणेंभांडें करणारी बाई करोनानंतर चार-चार दिवस येत नसेल, तर ती कामचुकार झाली असें ठरविण्यापूर्वीं एवढें विचारून पाहावें: काम केल्याच्या दुसऱ्या दिवशीं अधिक पडून राहावें लागतें काय?

तो प्रश्न मीं पुढें त्या बाईस विचारला. तिला कामाचे लहान लहान तुकडे पाडून मधें विसांवा घेण्यास सांगितलें, भाकरी व डाळ न सोडण्यास सांगितलें, जंतुनाशकें बंद केलीं. वर्षभरानें पोट निवळलें. शीण निम्मा उतरला, सगळा नाहीं. तोडीस ती आतां जात नाहीं, शेळ्या राखते. नवऱ्यानें पुतण्याबरोबर कोयता धरला आहे. उचल अद्याप फिटावयाची आहे.