तळ्यातील माशांचा आहार



दुभत्या म्हशीला पेंड किती घालावी आणि कडबा किती, हे येळ्ळूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु शेततळ्यात मासे सोडले की, 'पाण्यात आहेत, खातील काहीतरी,' एवढ्यावर भागविण्याकडे मनाचा कल होतो. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून माशांचे बीज मिळविण्यात यश संपादिले. तेव्हापासून बीजाची अडचण पुष्कळशी दूर झाली. आता घोडे अडते ते खाद्यापाशी. कारण मत्स्यशेतीतील निम्म्याहून अधिक खर्च बहुधा त्यावरच होतो.

मासा थंड रक्ताचा प्राणी. शरीर ऊबदार राखण्यात त्याचे अन्न खर्ची पडत नाही. म्हणून त्याचा मोठा वाटा अंगी लागतो. मात्र मांस घडते ते प्रथिनांतून. कटला, रोहू व मृगळ यांच्या खाद्यात शंभरांत 25 ते 30 भाग प्रथिने असावी लागतात. मांसाहारी मरळीला 40 च्या आसपास. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग मिसळली, तर पहिल्या तिघांची ही गरज भागते. दोन्ही जिन्नस आपल्याच शिवारातले! या माशांना स्वतंत्र जठर नसते. अन्न सरळ लांब आतड्यात उतरते. म्हणून ते एकदम न टाकता दिवसातून दोनदा, बेताने द्यावे.

परंतु येथे एक मेख आहे. पेंडीच्या प्रथिनांत लायसीन व मेथिओनीन हे घटक कमी पडतात. विटांचा ढीग असून चुना संपला, तर भिंत थांबते; तसेच हे. प्राणिज अन्नात हे घटक भरपूर असतात. त्यासाठी मासळीची भुकटी वापरतात. पण ती महाग. शिवाय गरिबाच्या कालवणात पडावी अशी किनाऱ्यावरची तारली तिच्यासाठी दळली जाते.

सुदैवाने दुसरी वाट आपल्या गोठ्यातून जाते. तळ्यात बेताने शेणखत घातले की पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर सूक्ष्म जलचर पोसतात. हेच माशांचे फुकटचे प्राणिज अन्न! कटला ते वरच्या थरात टिपतो, रोहू मधल्या थरात वनस्पती खातो आणि मृगळ तळाचा कुजका गाळ चाळतो. पेंड उणिवेपुरती द्यावी, उणीव तळ्याने भरावी.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. बुरशी आलेली पेंड विषारी असते. आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यातील प्राणवायू खाते; मग पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून धापा टाकू लागतात. तसे दिसताच खाद्य व शेण दोन्ही थांबवावे.

गोठ्यात जी नजर, तीच तळ्यावर ठेवावी, म्हणजे घातलेला पैसा पाण्यात जाणार नाही.