तोंड आलंय? मग दिवस मोजा
(संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, कर्ज, परतफेड यावर आपण दर महिन्याला बोलतो. आज थोडं तोंड येण्यावर बोलू. हसू नका, इथं बसलेल्या बहुतेकींना हा त्रास कधी ना कधी झालाच असेल. ठेचा लावून भाकरीचा घास तोंडात घातला की डोळ्यांत पाणी येतं. आपण म्हणतो, "उष्णता झाली," आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा ते बरंही होतं. पण कधी कधी होत नाही, आणि नेमकं तेव्हाच आपण गप्प बसतो. म्हणून आज एक गोष्ट पक्की करून जा: तोंडातली कोणतीही जखम १५ दिवसांत भरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवायची.

साधं तोंड येणं कसं ओळखायचं? ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला छोटी गोल जखम होते. मधे पांढरट-पिवळी, भोवती लाल. सुरुवातीचे तीन-चार दिवस फार झोंबते, मग दुखणं उतरतं आणि एक-दोन आठवड्यांत ती आपोआप भरते. ही जखम एकीची दुसरीला लागत नाही. त्यामुळं ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

कारणं बरीच आहेत. गाल दाताखाली येतो, तुटक्या दाताची धार लागते, कवळी घासते. जागरण झालं, मनाला घोर लागला, पाळी जवळ आली तरी काहींना होतं. पण ज्यांचं तोंड सारखं सारखं येतं, त्यांच्या अंगात लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. गुलकंद खाल्ला तर बिघडत काही नाही, पण त्यानं रक्त वाढत नाही. उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. ताटात पालेभाजी, मोड आलेली मटकी घ्या, वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको, तासभर जाऊ द्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही. बी-१२ दूध, दही, अंडी, मटण-मासळीतून मिळतं. आणि सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं, ही सवय आता मोडा.

तोंड आल्यावर घरी काय करायचं? ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरा. मऊ खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी खा. तिखट, आंबट आणि कढत चहा चार दिवस बाजूला ठेवा. दात मऊ ब्रशनं घासा. जखमेवर तूप लावलं तर थोडा आराम पडतो. फारच दुखत असेल तर विचारून तोंडात लावायचं जेल आणा. चुना लावू नका, दुखण्याची गोळी कुटून जखमेवर दाबू नका. त्यानं आतली कातडी भाजते.

आता मिश्री. मी कुणाला रागवायला आलेले नाही. दात दुखला, तोंड आलं की मिश्री लावा, असं सांगणारं कुणीतरी घराघरात असतं. घटकाभर बधिर होतं म्हणून बरं वाटतं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण मिश्री आपल्याच तव्यावर भाजली जाते, तिला कोण अडवणार? आणि नुसती सुपारीसुद्धा घातकच. तिनं गालाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं. मोठ्या माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी सहज मावली पाहिजेत. आज घरी गेल्यावर करून बघा. मिश्री सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

लगेच दाखवायचं कधी, ते ऐका:
- जखम १५ दिवसांत भरली नाही.
- पांढरा किंवा लाल चट्टा आहे आणि तो जात नाही.
- गाठ लागते, जखमेतून रक्त येतं, गिळायला त्रास होतो.
- साधं जेवणही झोंबतं, तोंड कमी उघडतं.
- गळ्याला गाठ आली आहे.
- तोंड येण्याबरोबर ताप आहे, डोळे लाल आहेत किंवा लघवीच्या जागीही जखमा आहेत.

आणि नीट ऐका, कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही. "दुखत नाही, मग कशाला जायचं?" असं म्हणण्यातच महिने निघून जातात. लवकर सापडला तर उपचार सोपे आणि बरं होण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर जबड्यापर्यंत शस्त्रक्रियेची वेळ येते.

जायचं कुठं? तिशीनंतर तोंडाची तपासणी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताईंना विचारा. पुढं संभाजीनगरात घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ते लागतं.

मला माहीत आहे, कापूस वेचणीच्या दिवसांत एक रोज बुडाला तरी घरात हिशोब विचारतात. मालकाला दवाखान्यात न्यायला आपण लगेच निघतो, स्वतःसाठी मात्र "सुगी होऊ द्या" म्हणतो. म्हणून गटांना माझी विनंती आहे. तपासणीला जाणाऱ्या बाईला गाडीभाड्यापुरतं अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यावं, आणि तिच्याबरोबर गटातली एक जण जावी. मिश्रीमुळं लाजून कुणी घरी बसता कामा नये. हा ठराव पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं लिहून घ्यावा.

आणि तोंड आलं की त्या दिवशी कालनिर्णयवर पेनानं खूण करा. पंधराव्या दिवशी आरशासमोर मोबाईलच्या उजेडात बघा. भरली असेल तर छान. नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडा.