जपान जोडणारी मोजणीची काठी

१४६७ मध्ये सुरू झालेल्या ओनिन युद्धानंतर शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या लष्करी अधिपतीच्या, हाती नाममात्र सत्ता उरली आणि प्रांतोप्रांतीचे दाइम्यो, म्हणजे स्वतःची फौज व मुलूख बाळगणारे सरंजामदार, शंभरावर वर्षे आपसांत झुंजत राहिले. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासु या तिघांनी देश एकवटला ही कथा श्रोत्यांना ठाऊक असल्याने तिची उजळणी नको. १५७५ ची नागाशिनोची लढाई तर इतिहास न वाचणाऱ्यांनीही कुरोसावांच्या ‘कागेमुशा’ चित्रपटात पाहिली असेल, आणि पुष्कळांचा जपानचा इतिहास तेथेच संपलाही असेल. (हशा) त्या लढाईत नोबुनागाने वापरलेल्या बंदुकांचे मोल नाकारण्याचा हेतू मुळीच नाही. परंतु बंदुकांनी मुलूख जिंकून दिला आणि तो राज्यात बसवला मोजणीदारांनी, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

नोबुनागा बहुधा जमीनधारकांनी लिहून दिलेल्या तपशिलावरच भागवत असे. हिदेयोशीने १५८२ पासून अधिकारी थेट बांधावर धाडले. मोजणीची काठी ६ शाकु ३ सुन, म्हणजे सुमारे १९१ सेंटिमीटर, अशी ठरली. धान्यासाठी क्योतोचे माप लागू झाले. जमिनीची प्रत पाहून तिचे उत्पन्न कोकुमध्ये, म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल अशा सुमारे १८० लिटर तांदळाच्या एककात, आकारले गेले आणि कसणाऱ्याचे नाव गावच्या दप्तरात चढले. दाइम्योची पत आणि त्याने पुरवावयाची फौज एकाच आकड्यावर ठरू लागल्याने सरंजामदाराला एका मुलखातून उचलून दुसऱ्यात बसवणे सोपे झाले. १५९० मध्ये खुद्द इएयासुला वडिलोपार्जित मुलूख सोडून कांतोत जावे लागले. हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये, कारण त्याच वर्षी ईशान्येकडे मोजणीला आडवे येणाऱ्यांची सरसकट कत्तल करण्याचा हुकूम हिदेयोशीने दिला होता.

गोव्याचा उल्लेख खरे तर ओझरताच योजला होता. १५८७ मध्ये हिदेयोशीने ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडण्याचे फर्मान काढले होते, त्यामुळे जेझुइट धर्मगुरू आलेस्सांद्रो वालिन्यानो १५९१ मध्ये क्योतोतील जुराकुदाई वाड्यात आला तो गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वकील बनून. नजराण्यात अरबी घोडा होता, आणि व्हाइसरॉयचे १५८८ चे, चर्मपत्रावर लिहून रंगीत नक्षीने सजवलेले पत्र होते, ज्यात हिदेयोशीची भरपूर स्तुती करून धर्मोपदेशकांवर कृपा असावी अशी विनंती केली होती. ते पत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे असून जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. (टाळ्या) १५९१ मध्येच हिदेयोशीने दाइम्योंकडून जमिनीची दप्तरे व नकाशे मागवले, तेव्हा हे विषयांतर विषयाला धरूनच आहे, असे अध्यक्षांनी मानावे. त्यांची चिठ्ठी मिळाली आहे. (हशा)

हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्या आता वगळणे भाग आहे. सत्सुमा प्रांताच्या मोजणीत वापरलेली, इशिदा मित्सुनारी या हिदेयोशीच्या अधिकाऱ्याची सही असलेली लाकडी मोजपट्टी कागोशिमात आजही जपलेली आहे. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत मित्सुनारी इएयासुकडून हरला आणि क्योतोत त्याचा शिरच्छेद झाला. इएयासुविरुद्ध उभा राहिलेल्या उएसुगी कागेकात्सुला १२ लाख कोकुंवरून ३ लाखांवर आणले गेले. १६०३ मध्ये इएयासु शोगुन झाला, आणि त्याच्या घराण्याच्या अमलात दाइम्यो म्हणवून घेण्यासाठी किमान १० हजार कोकुंचा मुलूख असावा लागे.