१८१६ : एका सालाची साक्ष



या संमेलनात कला, साहित्य आणि विज्ञान एकाच मांडवात आणायचे ठरले, तेव्हा यांचा मेळ कसा बसणार, असे अनेकांनी विचारले. उत्तरादाखल मी १८१६ हे एकच साल आपणासमोर ठेवतो.

आदल्या वर्षी एप्रिलमध्ये सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्यातल्या गंधकाच्या वायूने आकाशात सूक्ष्म कणांचा पडदा धरला आणि १८१६चा युरोपातला उन्हाळा गारठ्यापावसात गेला. पिके बुडाली, धान्य महागले. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींत बायरन आणि शेली हे कवी होते, पॉलिडोरी हे डॉक्टर होते आणि अठरा वर्षांची मेरी होती. बोलणे भुताखेतांवरून विजेवर गेले. निर्जीव देहात प्राण फुंकता येईल का, इथवर पोचले. त्यातून या मेरी शेलींची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी जन्मली. ती १८१८मध्ये छापून आली.

त्याच १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात डॉ. लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुण रुग्ण होती. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाचे ताव घट्ट गुंडाळले, एक टोक छातीवर ठेवले, दुसरे कानाला लावले. ठोके पूर्वी कधी नव्हे इतके स्वच्छ ऐकू आले. बासरी वाजवणाऱ्या या डॉक्टरांनी पुढे लाकडी नळ्या स्वतः लेथवर घडवल्या. तोच पहिला स्टेथोस्कोप.

१८१६च्याच जानेवारीत इंग्लंडच्या कोळसाखाणीत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांचा सुरक्षा-दिवा उतरला. ज्योतीभोवतीची तारेची बारीक जाळी उष्णता ओढून घेई आणि बाहेरचा खाणीतला ज्वालाग्राही वायू पेटत नसे. डेव्हींनी त्याचे पेटंट घेतले नाही. ते स्वतः कविता लिहीत. त्यांची रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकायला कवी कोलरिज जाऊन बसत.

शोधाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मेरींनी कादंबरीत विचारला. डेव्हींनी तो खाणकामगारांपाशी सोडवला. आपल्याकडे मात्र दहावीनंतर शाखा ठरते आणि मुलांना अर्ध्या जगाची दारे बंद होतात. ती उघडावीत, म्हणून हे संमेलन.

माझी एकच विनंती आहे. आपला विषय नसलेल्या एका तरी परिसंवादाला आवर्जून बसा आणि तिथे प्रश्न विचारा.