शेवटच्या रांगेपर्यंत

(शताब्दी सप्ताहाच्या पाचव्या दिवशी हरिपाठानंतर, दिंडीचं माईकचं काम पाहणाऱ्या मंडळींनी केलेल्या निवेदनाचा मजकूर)

आम्हाला बोलायची सवय नाही. आम्ही माईक लावणारी, वायर गुंडाळणारी माणसं. कीर्तन चालू असताना आमचं लक्ष अभंगाकडं कमी आणि कुई वाजते का याकडं जास्त. पण पंचमंडळी म्हणाली, मंडपात हे दोन उभे लाकडी खांब दिसतात ते काय आहेत, कोणी केले, दिंडीचा पैसा त्यात कसा गेला, हे एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका. म्हणून उभे राहिलो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यातली पहिली कितीतरी वर्षं गावात वीजच नव्हती. तेव्हाचे महाराज नुसत्या गळ्यावर कीर्तन करायचे आणि लोक जवळ सरकून बसायचे. पुढं कर्णा आला, म्हणजे आपला भोंगा. एक देवळाच्या शिखराला, दुसरा पाराजवळच्या कडुनिंबाला. तेव्हा गावाला त्याचं केवढं कौतुक! आवाज थेट बांधीत काम करणाऱ्याला जायचा. पण आवाज गेला म्हणजे शब्द गेला असं नाही, हे आम्हाला एका आजीनं शिकवलं.

ही आजी दर सप्ताहाला शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसायची. चार वर्षांपूर्वी ती यायची बंद झाली. प्रकृती बिघडली असेल म्हणून आम्ही घरी गेलो, तर ती अंगणात धान पाखडत बसलेली. म्हणाली, "पोट्टेहो, महाराज काय सांगून राहिले ते मले काही समजूनच नाही राहिलं. नुसता गोंगाट हाये. त्यापरीस मी घरीच जप करतो." आम्ही म्हटलं, आजी, आवाज वाढवतो. त्यावर ती म्हणाली, "वाढवू नका गा. कमी करा, पन समजू द्या."

आम्ही परत येऊन शेवटच्या रांगेत बसून पाहिलं. खरंच काही कळत नव्हतं. का, ते नंतर उमगलं. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर चालतो. दोन भोंग्यांमध्ये सत्तर-एक मीटर अंतर. म्हणजे जवळच्या भोंग्याचा शब्द कानात पडला, की सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानं दुसऱ्याचा तोच शब्द पुढच्या शब्दावर येऊन बसतो. त्यात वर पत्र्याचं छत. आवाज पत्र्याला लागून खाली, फरशीवरून पुन्हा वर. भजनाला हे कसंबसं चालून जातं, कारण चाल पाठ असते. कीर्तनाला चालत नाही. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि समोरचे लोक उत्तर द्यायचे. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर कोण देणार?

डीजेचे मोठे डबे भाड्यानं आणून पाहिले. पुढच्या रांगेतली पोरं कानावर हात ठेवून बसली, मागं पुन्हा तोच घोळ, आणि वरून भाडं.

मग आमच्यातला एकजण झाडीपट्टीच्या नाटकांना साउंडवाल्यासोबत फिरलेला, त्यानं कॉलमची आठवण काढली. पूर्वी भजनी मंडळांकडं असायचे ते उभे, लांबट डबे. एकावर एक लहान स्पीकर बसवलेले. आम्ही त्यांना जुनाट समजून हसायचो. पण युक्ती तीच आहे. लहान स्पीकर उभ्या रांगेत एकत्र वाजले, की आवाज डावी-उजवीकडं चांगला पसरतो आणि वर-खाली कमी जातो. म्हणजे माणसांकडं जातो, पत्र्याकडं नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये घुमट एवढा मोठा, की शब्द कितीतरी सेकंद घुमत राहतो. तिथंही १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत असे उभे कॉलमच लावले होते. आता मोठ्या सभांना क्रेनवर टांगलेली जी वाकडी माळ दिसते, तिला लाइन ॲरे म्हणतात. तीही याच कुळातली, फक्त तिची किंमत आपल्या गावाच्या आवाक्यातली नाही.

आम्ही घरीच करायचं ठरवलं. चार इंची, ८ ओहमचे स्पीकर आणि प्लायवूड. एका पेटीत नऊ स्पीकर. नवविधा भक्ती म्हणून नऊ, असं आम्ही गावात सांगितलं. खरं कारण वायरिंगचं आहे, ते पुढं येतं. स्पीकर एकमेकांना जवळजवळ चिकटवून बसवायचे, मध्ये बोटभरही जागा सोडायची नाही. अंतर वाढलं की बारीक आवाज फुटतो आणि उभ्या रांगेचा फायदा जातो.

पहिली पेटी घरच्या ओसरीत झाली. आत भरायला काय, तर तणस! आपल्याकडं फुकट मिळणारी वस्तू. पंधरा दिवसांत उंदरांनी त्यात संसार थाटला आणि एक वायर कुरतडली. मग जुन्या गादीचा कापूस भरला, तोच आजही आहे.

आता चूक सांगतो, कारण हिशोबाच्या वहीत ती आहेच. नऊही स्पीकरचे लाल टोक लाल टोकाला आणि काळं काळ्याला, सगळे सरळ एकत्र जोडले. वाटलं, जास्त स्पीकर म्हणजे जास्त जोर. असं जोडलं की ८ भागिले ९, म्हणजे एक ओहमसुद्धा उरत नाही. अ‍ॅम्प्लिफायर एका गवळणीपुरता चालला, मग जळका वास आला आणि सगळं शांत. तो अ‍ॅम्प्लिफायर दिंडीचाही नव्हता, शेजारच्या गावातून मागून आणलेला होता. त्याचे पैसे आम्ही दिंडीच्या पेटीतून घेतले नाहीत. त्या पावसाळ्यात आम्ही चौघं त्या भाऊंच्या बांधीत रोवणीला गेलो आणि मजुरीत फेडलं. पेटीतल्या पैशात बायाबापड्यांचे दहा-दहा रुपये असतात. आमच्या अडाणीपणाचं बिल त्यांच्यावर कसं टाकायचं?

त्यानंतर विचारून-विचारून शिकलो. तीन स्पीकर एकामागोमाग, साखळीसारखे जोडायचे, ते झाले २४ ओहम. अशा तीन साखळ्या समांतर जोडल्या की पुन्हा ८. म्हणून नऊ. दुसरी गोष्ट, प्रत्येक स्पीकरला पेन्सिल सेल टेकवून पाहायचा. सेलचं अधिक टोक लाल खुणेला लावल्यावर कागद बाहेर आला पाहिजे. आमच्या दुसऱ्या पेटीत एक उलटा बसला होता. नऊ वारकरी पंढरपूरकडं निघालेत आणि त्यातला एक गोंदियाकडं, तसं झालं. आवाज पोकळ यायचा आणि कारण सापडायला दोन रात्री गेल्या.

तरीही पहिल्या वर्षी मागच्या रांगेचं समाधान झालं नाही. एका जागेवरून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो. उभ्या रांगेचा मात्र ३ डेसिबलनंच, पण हे एका ठरावीक टप्प्यापर्यंतच. बोलण्यातली स्पष्टता ज्या बारीक आवाजात असते, त्याला मीटरभर पेटीचा टप्पा जेमतेम ३ मीटर मिळतो. पेटीवर पेटी ठेवून उंची दुप्पट केली तर टप्पा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे १२ मीटर. हे कळल्यावर आणखी दोन पेट्या केल्या. आज दिसणारे दोन खांब म्हणजे चार पेट्या, छत्तीस स्पीकर. दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम. यापेक्षा खाली आपला अ‍ॅम्प्लिफायर जात नाही, त्यामुळं तिसरी पेटी वर ठेवा असा आग्रह कोणी धरू नये. चारही पेट्यांचा खर्च दोन सप्ताहांच्या भाड्याएवढा आला. पावत्या वहीला लावल्या आहेत.

खांब उभाच ठेवायचा. मागच्या वर्षी एका लग्नाला दिला, तर त्यांनी स्टेजवर आडवा झोपवला. तसा ठेवला की मधले चार लोक सोडून कोणाला नीट ऐकू येत नाही. मंडपाच्या खांबाला दोरीनं बांधायचा, लहान मुलं खेळतात. महाराज आणि माईक खांबांच्या मागं, मग कुई कमी येते. टाळाला माईक द्यायचा नाही. पखवाजालाही नाही. त्याच्या धुमेला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा मंडपाला पुरतो. चार इंची स्पीकरला तो झेपतही नाही, म्हणून बासचा खटका खालीच ठेवायचा.

आणि वेळेचं. कायद्यानं रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. काकडा आपण आधीपासूनच नुसत्या गळ्यावर करतो, ते तसंच राहू द्या. पहाटे तो जास्त गोडही लागतो. भोंगे आम्ही शिखरावरून उतरवले, तेव्हा काही जेष्ठ मंडळी नाराज झाली. "देवाचं नाव गावाबाहेर जायला नको काय?" असं विचारलं. त्यांच्या भावनेला आम्ही काय उत्तर देणार? एवढंच म्हणालो, की बाबाजी, एक दिवस मागं बसून ऐका. त्यांतले दोघे आता मागंच बसतात, आजीच्या शेजारी.

आजी परत आली, हे सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. महाराजांनी कृष्णाच्या खोडीचा प्रसंग सांगितला आणि पुढचे हसले, त्याच क्षणाला ती मागं हसली. आम्ही तिच्याकडंच पाहत होतो.

शेजारच्या गावच्या कोणाला अशा पेट्या करायच्या असतील, त्यांनी टेप घेऊन या आणि मापं घेऊन जा. आम्ही सेलही देऊ आणि सुताराचं घरही दाखवू. डाव्या खांबातला खालून तिसरा स्पीकर फाटला आहे. परवा आरतीच्या वेळी कोणीतरी बासचा खटका पूर्ण फिरवला होता. नवा आणला आहे, आज रात्री कीर्तन संपल्यावर बसवतो. तोवर खालच्या पेटीतून थोडी खरखर येईल, ती सहन करावी.

रामकृष्ण हरी!