संवाद हेच व्यापाराचे भांडवल



बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्याकडे पाहिले की तिची सत्यता पटते. बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल, डिंक, मध यांची येथे वाण नाही. तरीही पिढ्यानपिढ्या त्यांचा भाव ठरवला तो बाहेरच्यांनी. माल गावाचा आणि शब्द दुसऱ्याचा, अशी ती अवस्था होती. म्हणूनच या भूमीत व्यावसायिक संवादकौशल्याचा विचार इंग्रजी संभाषणाच्या वर्गापासून नव्हे, तर गावाच्या बैठकीपासून सुरू करावा लागतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा अशी दोन स्वतंत्र व्यासपीठे आहेत. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, कायदा वाचला जातो, शंका विचारल्या जातात. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचेही समाधान झाले नसेल तर चर्चा पुढे चालू राहते. याला वेळ लागतो. पण देवाजी तोफा जेव्हा गावाच्या वतीने बोलले, तेव्हा त्यांच्या शब्दामागे सारे गाव उभे होते. वाटाघाटीत याचे मोल फार मोठे. ज्या पक्षात फूट आहे, त्यातील एकेकाला गाठून सौदा उरकणे समोरच्याला सहज जमते.

२००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा म्हटले की वाहतूक परवान्याचा अडसर उभा राहू लागला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षात होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र तो गौण वनोपज ठरला होता. वाद एका व्याख्येचा होता आणि तिच्यावर गावाची मिळकत अवलंबून होती. ग्रामसभेने नवी व्याख्या नेमकी हेरली आणि तिच्या आधारे आपली मागणी लावून धरली. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, मेंढा गावातच, वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आवाज चढवण्यापेक्षा अचूक शब्द अधिक काम करतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने आणखी एक धडा दिला. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाल्यानंतर या गावाने विचारपूर्वक तेंदू संकलन थांबवले. कारण पत्त्यासाठी झाडे छाटली जातात आणि वणवे लागतात. त्याऐवजी बांबूचा लिलाव गावाने स्वतः करायचे ठरवले. काय विकायचे याइतकेच काय विकायचे नाही, हे स्पष्टपणे सांगता येणे हेही व्यापारी कौशल्यच आहे.

जेथे तेंदूचा व्यापार चालतो, तेथे तर बोलण्याची वेळ साधणे सर्वांत महत्त्वाचे. सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक गोणी, हे तेथील माप. हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा. पाने खुडून वाळत घातली की विक्रेत्याचा हात दगडाखाली सापडतो. मग ठेकेदार म्हणेल तो भाव. तेव्हा गोणीमागे दर किती, अग्रिम किती, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला, अवकाळी पावसात भिजलेल्या मालाचे नुकसान कोणाचे, कर कोण भरणार, हे सारे पहिले पान खुडण्यापूर्वी विचारले पाहिजे. उत्तरे मिळाली की ती करारात उतरली पाहिजेत आणि तो करार ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला पाहिजे. तोंडी दिलेला शब्द गोड असतो, पण थकबाकी वसूल करताना कागदच बोलतो.

राहिला प्रश्न भाषेचा. घरात गोंडी किंवा माडिया, कचेरीत मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी, सिरोंचाकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, असा या भागातील तरुणाचा भाषाव्यवहार आहे. चार भाषांत सौदा समजून घेणारा हा तरुण स्वतःला 'बोलता न येणारा' समजतो, ही खेदाची गोष्ट होय. इंग्रजी त्याने अवश्य शिकावी. परंतु आपल्या बोलीत नीट विचार करून झाल्यावर. कारण ज्याला आपले म्हणणे आपल्या माणसांत मांडता येत नाही, त्याला ते परभाषेतही मांडता येणार नाही.

आधी ऐकावे, मग अभ्यासावे, एकमताने ठरवावे, नेमके बोलावे आणि ठरलेले लिहून ठेवावे, ही पंचसूत्री मेंढा-पाचगावच्या अनुभवातून हाती येते. नगरातील दुकानदार असो, बचतगटाची भगिनी असो की नवा उद्योजक, तिचा उपयोग सर्वांनाच आहे. जुन्या म्हणीत आज एवढीच भर घालावी : बोलणाऱ्याचे कुळीथ खपतील, पण ऐकून, समजून बोलणाऱ्याच्या गव्हाला रास्त भावही मिळेल.