कड्यावरचे पांढरे ओघळ

नाशिकजवळच्या अंजनेरीला गेलात, तर कड्यावर आधी पक्षी शोधू नका. खडकावरचे पांढरे ओघळ शोधा. ती विष्ठा. तिच्या वरच्या कपारीत लांब चोचीच्या गिधाडाचं घरटं असू शकतं.

मादी हंगामात एकच अंडं घालते. नर-मादी आळीपाळीनं जवळपास पन्नास दिवस ते उबवतात. मग पिल्लाला भरवायचं ते गळ्याच्या पिशवीत साठवून आणलेलं मांस ओकून! ऐकायला किळसवाणं, पण दुर्बिणीतून बघाल, तर ती राकट चोच किती अलगद वाकते, हेच लक्षात राहील. पिल्लाला उडायला तीन महिन्यांहून जास्त लागतात.

म्हणूनच गिधाडांची घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

एकेक अंडं मोलाचं, म्हणून घरट्याचं निरीक्षण करायचं ते लांबूनच. ड्रोन तर नकोच. बिचकून आईबाप उठले, तर अंडं उघडं पडतं.

रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात मात्र मान वर करून झाडांचे शेंडे न्याहाळा. तिथलं पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर काटक्यांचं घरटं बांधतं. तिथे एखादं तपकिरी, पाठीवर पांढरं काहीच नसलेलं गिधाड दिसलं, तर वेगळी जात समजू नका. ते यांचंच पोर. पांढरी पाठ यायला त्याला अजून काही वर्षं आहेत.